हंडाभर पाण्यात परसबाग

मैत्रिणींनो, पावसाळ्यात सगळ्यांचंच अंगण हिरवं असतं. खरी परीक्षा एप्रिलमध्ये. नर्सरीतून हौसेनं आणलेली शोभेची झाडं तेव्हा माना टाकतात आणि ती जगवायला आपण रोज दोन हंडे ओततो. माण, आटपाडी, जतसारख्या भागात वर्षाचा पाऊस साधारण ५०० मिलिमीटरच्या आसपास. उन्हाळ्यात प्यायला पाणी मिळवतानाच जीव मेटाकुटीला येतो. आणि तो हंडा घरात कुणाच्या डोक्यावरून येतो, ते सांगायला नको! म्हणून परसबाग अशी लावायची, की आपलं ओझं वाढणार नाही आणि ताटातली भाजीही तुटणार नाही.

झाड आपल्या मातीतलं निवडा
बांधावरची बोर बघा. तिला कुणी पाणी घालत नाही. मुळं खोल जातात आणि कडक उन्हाळ्यात पानं गाळून ती पाणी वाचवते. झाड वाळलं म्हणून तोडायची घाई करू नका, पावसाबरोबर ते पुन्हा फुटतं. कुंपणाला करवंद, कोपऱ्यात बोर किंवा आवळा, न्हाणीजवळ शेवगा आणि कढीपत्ता लावा. सीताफळ मूळचं बाहेरचं, पण आता आपल्या माळरानाचंच झालंय. शेवग्याच्या शेंगा तर आपण खातोच, पाल्याची भाजीही करा. लहान लेकरांना आणि बाळंतिणीला ती चांगली.

भाजीत गवार, चवळी, अंबाडी, तांदुळजा घ्या. घोळ तर न लावताच येते, ती तण म्हणून उपटून टाकू नका.

पाणी मुळाशी, उन्हाला नाही
आपण उंच वरंबे करतो, तिथं पाणी वाहून जातं. कमी पावसाच्या जागी वाफा जमिनीपेक्षा चार बोटं खोल ठेवा. त्यावर पाचट, भुसकट किंवा वाळलेल्या पानांचा तीन-चार इंच थर द्या. माती तापत नाही, ओल टिकते. थर खोडाला चिकटवू नका, आणि वाळवी दिसली तर तेवढा बाजूला करा.

वेलांसाठी मडक्याची युक्ती सोपी आहे. रंग न दिलेलं, पाणी पाझरणारं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरा. भोवती दोडका, कारलं, भोपळ्याच्या तीन-चार बिया टोचा. मडकं भरून झाकण ठेवा, म्हणजे डास होणार नाहीत. माती कोरडी झाली की मडकं पाणी सोडतं, ओली असली की कमी सोडतं. दोन-तीन दिवसांनी आत बघा आणि लागेल तसं भरा. जुन्या मडक्याची छिद्रं क्षारानं बुजतात, ते पाझरतंय का हे आधी तपासा.

वाया जाणारं पाणी
भाजी, तांदूळ धुतलेलं पाणी सरळ वाफ्यात घाला. साबणाचं पाणी मात्र पालेभाजीला नको. ते खडी-वाळूच्या खड्ड्यातून गाळून झाडांना सोडा आणि अधूनमधून झाडं बदलत जा.

आता पत्र्याचं गणित. १० बाय २० फुटांच्या पत्र्यावर २५ मिलिमीटर पाऊस पडला, तर साडेचारशे लिटरच्या वर पाणी येतं. थोडं वाया गेलं तरी १५ लिटरचे २५ हंडे कुठं गेले नाहीत! पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्या, मग पिंप भरा. पिंप भरून वाहिलं की चर काढून ते झाडांच्या आळ्यात वळवा. जमिनीत मुरलेली ओल पुढं कामाला येते.

बी आपल्या डब्यात
अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० सालची पद्मश्री जाहीर झाली, ती गावरान बियाणं जपल्याबद्दल. आपणही प्रत्येक वेलावरचं पहिलं चांगलं फळ बियाला राखू या. बी सुकवून राखेत घालून ठेवा.

पुढच्या बैठकीला बचतीच्या पुस्तकाबरोबर मूठभर बी आणा. कुणाकडं अंबाडी असेल, कुणाकडं गवार. अदलाबदल केली की पैसा लागत नाही. आणि या वर्षी एकच मडकं पुरून बघा, ताई. उन्हाळ्यात तो वेल हिरवा राहिला, तर शेजारीण आपणहून विचारायला येईल.