जबाब घ्यायला आलास काय?

साल २०१३, ऑक्टोबर महिना. तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावर आम्ही तलवाड्याच्या गोळीबारावर छोटा माहितीपट करायला गेलो होतो. पालघर जिल्हा अजून व्हायचा होता, कागदोपत्री सगळं ठाण्यातच होतं. पहिलीच मुलाखत एका म्हाताऱ्या वारली बाबांची. त्यांच्या बनियनला माईकची क्लिप लावली, तोंडावर दिवा मारला आणि आवाज तपासायला नेहमीचं विचारलं. पूर्ण नाव सांगा. बापाचं नाव? पाडा कुठला?

बाबांनी क्लिप काढून माझ्या हातावर ठेवली. ‘जबाब घ्यायला आलास काय?’

तोंडावर उजेड, समोर परका माणूस, आधी स्वतःचं नाव, मग बापाचं. पोलीस ठाण्यात बसवतात ते असंच. कॅमेऱ्यामागे इतकी वर्षं काढूनही हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. त्यांच्या आईनं लहानपणीच बजावून ठेवलं होतं म्हणे, पँटवाल्यानं नाव विचारलं तर सांगू नको.

त्या सांगण्यामागे १० ऑक्टोबर १९४५ होता. झरी गावच्या सभेनंतर वारल्यांनी सावकाराची वेठ नाकारली होती, लग्नाच्या कर्जापोटी बांधले गेलेले लग्नगडी सुटू लागले होते. तेव्हा जमीनदारांनी पाड्यापाड्यांत खोटा निरोप फिरवला, की तलवाड्याला किसान सभेच्या गोदूताई परुळेकर येणार आहेत, त्यांच्या जिवाला धोका आहे, काठ्या घेऊन या. हजारो माणसं आली. पोलिसांना मात्र सांगितलं गेलं, वारली हल्ला करायला जमलेत. गोळ्या सुटल्या. जेठ्या गांगडसह पाच जण गेले, तरी लोक लाल बावट्याभोवतून हलेनात. याचं चित्रीकरण कुणाकडे असणार? उरलं ते सांगणाऱ्यांच्या तोंडी. आणि सांगणारे आमच्यासमोर गप्प बसले होते.

त्याच रात्री खळ्यात आनंद पटवर्धनांचा ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट दाखवायचं ठरलं. दोन बांबूंना चादर ताणली, जनरेटर लांब गोठ्यामागे ठेवला. उजेडावर पाखरं इतकी आली, की चादर सारखी झटकावी लागे. मराठी सगळ्यांना पुरती कळत नव्हती, म्हणून पाड्यावरचा एक कॉलेजातला मुलगा माईक घेऊन वारलीत सांगत होता.

माहितीपटामागची घटना अशी. ११ जुलै १९९७ ला मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात दहा जण मेले. त्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी गळफास घेतला. पटवर्धनांच्या १९८५ च्या ‘हमारा शहर’मध्ये ते गायले होते. आपला गाणारा माणूस असा गेला, म्हणून पटवर्धनांनी हा माहितीपट हाती घेतला आणि चौदा वर्षं सोडला नाही. चौदा वर्षं! आम्ही पाड्यावर चौदा तासही काढले नव्हते.

पडद्यावर पोलिसांचं म्हणणं आलं, की जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता. मुलानं ते वारलीत सांगितलं आणि मागच्या रांगेतून कुणीतरी मोठ्यानं बोललं, ‘इथंही असंच सांगितलेलं.’ मग खळंभर बोलणं सुरू झालं. गुंडेवार आयोगानं तो गोळीबार असमर्थनीय ठरवला, उपनिरीक्षक मनोहर कदमला २००९ मध्ये जन्मठेप झाली, पुढे जामीनही मिळाला. पाड्याला त्या जामिनाचं नवल वाटलं नाही.

सात वर्षांनी अमेरिकेत मिनियापोलिसमध्ये पोलिसांच्या हातून जॉर्ज फ्लॉइड गेला. पोलिसांच्या पहिल्या निवेदनात ती तब्येतीची घटना होती. सतरा वर्षांच्या डार्नेला फ्रेझरच्या मोबाइलमधल्या चित्रीकरणात ती घटना दुसरीच निघाली. ती बातमी वाचताना मला हे खळं आठवलं.

खळ्यातल्या त्या रात्रीनंतर सकाळी बाबा स्वतःहून आले. दिवा नको, खुर्ची नको, मी चालतो, तुम्ही मागून या, म्हणाले. तलवाड्याच्या वाटेवर त्यांची पाठ आणि काठी एवढंच कॅमेऱ्यात येत होतं, आवाज मात्र स्वच्छ. एका जागी थांबून त्यांनी काठीनं धुळीत दोन रेघा ओढल्या. ही पोलिसांची, ही आमची. बाप या रेघेवर उभा होता.

मग वळून पहिल्यांदाच भिंगाकडे पाहिलं.

‘या रेघा दिसतात काय यात?’