चेंडूवरची स्वाक्षरी

अमेरिकेतील कूपरस्टाउन येथे बेसबॉलच्या गौरव-संग्रहालयाचा वार्षिक सोहळा भरला, की निवृत्त खेळाडू गावात मेज मांडून, शुल्क घेऊन चाहत्यांना स्वाक्षऱ्या देतात. जाणकार संग्राहक दोन शिवणींमधील अरुंद जागी बॉलपेनानेच सही घेतात. मार्करची शाई कालांतराने चामड्यात पसरते. बनावट सह्यांचाही सुळसुळाट आहे. ‘ऑपरेशन बुलपेन’ या एफबीआयच्या तपासात चक्क मदर तेरेसांच्या ‘सही’चा चेंडू सापडला! मेजर लीग बेसबॉलने २००१ मध्ये सुरू केलेल्या योजनेत प्रमाणक सही होताना स्वतः हजर राहतो व वस्तूवर क्रमांकित होलोग्राम लावतो. बँकेत सही नमुन्याशी ताडून पाहतात. येथे मात्र डोळ्यांदेखत झालेलीच सही ग्राह्य. परिणामी साक्षीदाराविना घेतलेल्या जुन्या, अस्सल सह्याही या होलोग्रामला मुकतात.