समजून घ्या : सोलो वाजतो, पण ऐकू येत नाही! गिटारचा ‘व्हॉल्यूम’ आणि ‘गेन’ पायाने सांभाळणारं ‘मिडी’ तंत्र काय आहे?

लग्नसराई असो, गणेशोत्सव असो की हिंगोलीचा दसरा. ऑर्केस्ट्राच्या मंचावर एक गोष्ट हमखास घडते. दोन अंतऱ्यांच्या मध्ये गिटारचा सोलो सुरू होतो आणि नेमका तोच ऐकू येत नाही. गिटारवादक वाकून पेडलवरचा गेन वाढवतो. आवाज मोठा होण्याऐवजी फाटतो, स्पीकर शिट्टी मारतो. मग कीबोर्डवाला आवाज वाढवतो, ऑक्टोपॅडवालाही मागे राहत नाही. शेवटी सगळेच मोठ्याने वाजवतात आणि गायकाचे शब्द हरवतात.

यावरचा एक उपाय 40 वर्षांहून जुना आहे. त्याचं नाव मिडी.

गेन आणि व्हॉल्यूम वेगळे कसे?

गिटारच्या पिकअपमधून येणारा विजेचा सिग्नल अगदी क्षीण असतो. तो पहिल्या टप्प्यावर किती वाढवायचा, हे गेन ठरवतो. क्षमतेपेक्षा जास्त वाढवला की सिग्नलची टोकं कापली जातात आणि रॉक गाण्यांत ऐकू येणारा खरखरीत ‘डिस्टॉर्शन’ तयार होतो. व्हॉल्यूम मात्र तयार झालेला आवाज बाहेर किती मोठा जाणार, एवढंच ठरवतो.

सोप्या शब्दांत, रस्सा किती तिखट करायचा हे गेनचं काम आणि वाटीत किती वाढायचा हे व्हॉल्यूमचं.

सोलोच्या वेळी फक्त गेन वाढवण्यात गडबड इथेच होते. टोकं कापली गेल्यावर हळू आणि जोरात वाजवलेल्या सुरांतलं अंतर कमी होतं. आवाज दाट होतो, पण गर्दीतून वर येत नाही. शिवाय गेनसोबत घरघर वाढते आणि शिट्टीचा धोकाही. सोलो पुढे आणायचा तर गेननंतरचा व्हॉल्यूम वाढवावा लागतो. त्यासाठी 3 ते 6 डेसिबलची वाढ बहुतेक वेळा पुरते.

मिडी म्हणजे नेमकं काय?

‘म्युझिकल इन्स्ट्रुमेंट डिजिटल इंटरफेस’ हे त्याचं पूर्ण नाव. अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानच्या रोलँड कंपनीचे इकुतारो काकेहाशी यांनी यासाठी पुढाकार घेतला. जानेवारी 1983 मध्ये दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एका तारेने जोडून दाखवण्यात आले. या कामासाठी दोघांना 2013 मध्ये टेक्निकल ग्रॅमी मिळाला.

लक्षात ठेवायची गोष्ट एकच : मिडीच्या तारेतून आवाज जात नाही, फक्त आदेश जातात. मराठी ऑर्केस्ट्रात घरोघरी पोहोचलेला ऑक्टोपॅड हे त्याचं उत्तम उदाहरण. रोलँडच्या 1985 च्या पहिल्या ऑक्टोपॅडमध्ये स्वतःचा एकही आवाज नव्हता. काठी पडली की तो मिडीने दुसऱ्या यंत्राला ‘हा आवाज वाजव’ असा आदेश द्यायचा.

गिटारसाठी याचा उपयोग कसा होतो?

साध्या इलेक्ट्रिक गिटारवरच्या नॉबला मिडी कळत नाही. ते कळतं गिटारच्या पुढे जोडलेल्या मल्टी-इफेक्ट प्रोसेसरला किंवा मिडीची सोय असलेल्या अँपला. वादकाच्या पायाशी असलेला फूटस्विच आदेश पाठवतो आणि प्रोसेसर आतले आकडे बदलतो. आदेश प्रामुख्याने दोन प्रकारचे असतात.

● प्रोग्राम चेंज : आधी साठवलेलं पूर्ण सेटिंग एका दाबात बदलतं. उदाहरणार्थ, ‘साथ’साठी गेन कमी आणि व्हॉल्यूम मध्यम, ‘सोलो’साठी गेन थोडा जास्त आणि व्हॉल्यूम 4 डेसिबलने वर.

● कंट्रोल चेंज : एकच गोष्ट हळूहळू बदलते. एक्स्प्रेशन पेडल दाबत नेलं की 0 ते 127 असे आकडे जातात. व्हॉल्यूमसाठी 7 आणि एक्स्प्रेशनसाठी 11 हा क्रमांक ठरलेला आहे. गेनसाठी असा सर्वमान्य क्रमांक नाही. तो यंत्राच्या माहितीपुस्तिकेत पाहावा लागतो.

आदेश पोहोचायला उशीर लागत नाही. मूळ मिडीचा वेग सेकंदाला 31,250 बिट आहे. त्यामुळे तीन बाइटचा आदेश साधारण 1 मिलिसेकंदात पोहोचतो.

पेडल एकच, परिणाम दोन

व्हॉल्यूम पेडल गेनच्या आधी जोडलं तर ते दाबल्यावर आवाज जास्त फाटतो आणि सोडल्यावर स्वच्छ होतो. तेच पेडल गेनच्या नंतर जोडलं तर आवाजाचा पोत तसाच राहतो, फक्त तो लहान-मोठा होतो. साध्या पेडलची जागा बदलायला तारा काढाव्या लागतात. मिडीवर मात्र एकाच पेडलला एका गाण्यात गेनचं आणि दुसऱ्या गाण्यात व्हॉल्यूमचं काम देता येतं.

पेडलची खालची मर्यादा 0 ऐवजी 70-80 च्या आसपास ठेवली, तर पाय मागे आल्यावर गिटार एकदम गप्प होत नाही.

खरेदीआधी काय तपासाल?

● प्रोसेसरला ‘मिडी इन’ आहे का? तो पाच पिनांचा गोल किंवा 3.5 मिमीचा छोटा असू शकतो.

● फक्त यूएसबी असेल तर सावध राहा. फूटस्विच आणि प्रोसेसर यूएसबीने थेट जोडून अनेकदा चालत नाहीत. मध्ये संगणक किंवा ‘यूएसबी होस्ट’ लागतो.

● मिडीचे 16 चॅनेल असतात. दोन्ही यंत्रांवर एकच चॅनेल निवडा.

● चुकीचं सेटिंग उघडतंय? काही यंत्रं 0 पासून मोजतात, काही 1 पासून. एका आकड्याचा फरक तपासा.

● वीज गेली तरी साठवलेलं सेटिंग पुसलं जात नाही, पण प्रोसेसर पुन्हा सुरू व्हायला काही सेकंद लागतात. त्यासाठी इन्व्हर्टरची सोय हवी.

मिडी काय करू शकत नाही?

मंचावरचा एकूण गोंगाट मिडीने आपोआप कमी होत नाही. ध्वनी प्रदूषण नियम, 2000 नुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. रात्री 10 नंतर खुल्या जागेत लाउडस्पीकरला बंदी असते. सणांच्या मोजक्या दिवशी सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. त्यामुळे सगळ्यांचाच आवाज वाढवत नेण्यापेक्षा ज्याची पाळी आहे त्याचाच तेवढ्यापुरता वाढवणं सोयीचं ठरतं.

आणखी एक काळजी घ्या. हेडफोन लावून घरी बसवलेलं सेटिंग मंचावर वेगळं वाजतं. कार्यक्रमापूर्वी ढोलक, कीबोर्ड आणि गायक यांच्यासोबत एकदा सोलो वाजवून पाहा. समोरच्या शेवटच्या खुर्चीवर बसलेल्याला सोलो ऐकू आला आणि त्यानंतर गायकाचे शब्दही कळले, तरच आकडे कायमचे साठवा.