पाच पर्याय, स्टेटमेंट एकच: गैरसमज आणि वस्तुस्थिती

ब्रिटनमधल्या विद्यापीठात पदवीला प्रवेश हवा असेल, तर ‘यूकास’ या केंद्रीय संस्थेमार्फत अर्ज करावा लागतो. त्यात जास्तीत जास्त पाच अभ्यासक्रम निवडता येतात. मात्र पर्सनल स्टेटमेंट, म्हणजे अर्जासोबत स्वतःबद्दल लिहायचा मजकूर, एकच असते आणि पाचही ठिकाणी तेच जाते. दोन विषयांत मन अडकलेल्या मुलांची कोंडी इथेच होते. आपल्याकडून तिकडे अर्ज करणाऱ्या घरांमध्ये ऐकीव माहितीने ती आणखी वाढते.

गैरसमज: पाचही पर्याय एकाच विषयाचे हवेत.
वस्तुस्थिती: असा नियम नाही. एकीकडे इतिहास आणि दुसरीकडे राज्यशास्त्र निवडता येते. मर्यादा वेगळ्या आहेत: वैद्यक, दंतवैद्यक किंवा पशुवैद्यक यांपैकी एका शाखेचे चारच पर्याय घेता येतात, आणि पदवीसाठी एका वर्षी ऑक्सफर्ड व केंब्रिज यांपैकी एकाच ठिकाणी अर्ज करता येतो.

गैरसमज: सीईटीनंतरच्या फॉर्मसारखा पसंतीक्रम लावावा लागतो, आणि तो विद्यापीठांना कळतो.
वस्तुस्थिती: इथे पसंतीक्रम नसतो. निर्णय घेताना कोणत्याही विद्यापीठाला तुमचे बाकीचे पर्याय दिसत नाहीत. ऑफर आल्यावर तुम्ही एक पक्की आणि एक राखीव ठेवता. दोन विषयांना अर्ज केल्याचे उघड होते ते स्टेटमेंटमधूनच.

गैरसमज: दोन विषयांना निम्मी-निम्मी जागा दिली की झाले.
वस्तुस्थिती: सर्वाधिक नुकसान याच समजुतीने होते. 2026 च्या प्रवेशापासून सलग निबंधाऐवजी तीन प्रश्नांची उत्तरे द्यायची आहेत: हा विषय का, शिक्षणातून त्याची तयारी कशी झाली, आणि शिक्षणाबाहेर काय केले. प्रत्येक उत्तर किमान 350 अक्षरांचे, आणि तिन्ही मिळून मर्यादा मोकळ्या जागांसह 4,000 अक्षरांची. एवढ्यात दोन वेगळी स्टेटमेंट कोंबली, तर प्रत्येक वाचणाऱ्याला अर्धा मजकूर परका वाटतो.

त्यापेक्षा दोन्ही विषय जिथे भेटतात असा एक प्रश्न शोधा. डिसेंबर 2023 मध्ये केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली. लासलगावच्या बाजारात भावाचे काय होते, हा अर्थशास्त्राचा प्रश्न. असा निर्णय कोणाच्या दबावाने होतो, हा राज्यशास्त्राचा. त्याचा मनापासून अभ्यास केलेल्या मुलीचे लेखन दोन्ही विभागांना आपले वाटेल. भौतिकशास्त्र आणि नाट्यकला यांत मात्र असा धागा ओढूनताणून आणावा लागेल, आणि ती ओढाताण वाचणाऱ्याच्या लक्षात येते.

गैरसमज: वैद्यकाच्या चार पर्यायांसोबत पाचव्या विषयाबद्दलही दोन ओळी लिहाव्यात.
वस्तुस्थिती: अशा दोन ओळींनी चार ठिकाणची बाजू कमकुवत होते. स्टेटमेंट वैद्यकाचेच ठेवा. पाचवा पर्याय बायोमेडिकल सायन्ससारखा असेल, तर वैद्यकासाठी लिहिलेले स्टेटमेंट चालेल का, हे त्या विद्यापीठाला आधी ईमेलने विचारा. काही ठिकाणी वेगळे स्टेटमेंट थेट मागवून घेतात.

गैरसमज: दादाने प्रत्येक विद्यापीठाला वेगळे एसओपी (स्टेटमेंट ऑफ पर्पज) पाठवले होते; मलाही चालेल.
वस्तुस्थिती: दादा बहुधा एमएस्सीला गेला असेल. पदव्युत्तर अर्ज सहसा थेट विद्यापीठाकडे जातात, म्हणून तिथे प्रत्येकासाठी वेगळे लिहिता येते. यूकासच्या पदवी अर्जात तशी सोय नाही.

गैरसमज: अर्ज पाठवल्यावर स्टेटमेंट सुधारता येते.
वस्तुस्थिती: येत नाही. पाचही पर्याय वापरूनही हाती एकही ऑफर नसेल, तर ‘एक्स्ट्रा’ या टप्प्यात आणखी अर्ज करता येतो, अगदी वेगळ्या विषयालाही. तेव्हा नवे स्टेटमेंट चालेल का, हे त्या विद्यापीठालाच विचारावे लागते.

ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि बहुतेक वैद्यकीय अभ्यासक्रमांची मुदत 15 ऑक्टोबरला संपते, बाकी बहुतेकांची जानेवारीत. म्हणून लिहायला बसण्यापूर्वी निवडलेले पाचही अभ्यासक्रम एका कागदावर मांडा. त्यांना जोडणारे एक वाक्य प्रामाणिकपणे लिहिता आले, तर एक स्टेटमेंट पुरते. लिहिता आले नाही, तर स्टेटमेंट बाजूला ठेवा आणि आधी पर्यायांची यादी बदला.