आजीचा आवाज सेव्ह केलाय?

बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरात, शेतात राबता राबता त्या गाणी रचायच्या. मुलगा सोपानदेव आणि घरच्यांनी त्यातली काही उतरवून घेतली. १९५१ मध्ये त्या गेल्या. १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ आलं. जी उतरवायची राहिली, ती त्यांच्यासोबतच गेली.

माझी आजी मागच्या वर्षी गेली. लोणच्यात मीठ किती, विचारलं की म्हणायची, “अगं, अंदाजाने!” तो अंदाज आईलाही अजून जमत नाही. माझ्याकडे उरलीय एकच व्हॉइस नोट: “जेवलीस का गं?”

तुमची आजी आहे ना? मग आज फोन तिच्यासमोर ठेवा, रेकॉर्डिंग सुरू करा आणि तिला बोलू द्या. मध्ये आई बोलली, तर तिलाही थांबवू नका.