खोडदच्या तबकड्या आणि मातीखालचं इंटरनेट

पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगाव जवळ आलं की एसटीत कुणीतरी खिडकीबाहेर बोट करतं, "इथूनच इंटरनेट येतं बरं का!" बोट कधी खोडदकडे असतं, कधी आर्वीकडे. दोन्हीकडे ते चुकतं, आर्वीकडे जरा कमी.

खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यातल्या १४ मध्यभागी, बाकीच्या तीन फाट्यांवर सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. मोबाइलचा टॉवर ऐकतोही आणि बोलतोही. या तबकड्या फक्त ऐकतात, तेही दूरच्या दीर्घिकांकडून येणाऱ्या अतिक्षीण लहरी. गंमत म्हणजे त्यांनी ऐकलेलं मधल्या इमारतीपर्यंत पोचतं ते मात्र जमिनीतल्या ऑप्टिकल फायबरमधून.

आर्वीची गोष्ट वेगळी. परदेशाशी उपग्रहामार्फत बोलणारं देशातलं पहिलं व्यावसायिक भूकेंद्र १९७१ मध्ये इथं सुरू झालं. विक्रम साराभाईंच्या नावाने ते ओळखलं जातं. जवळपास ३० मीटर व्यासाच्या त्या तबकडीतून परदेशी फोन आणि टेलेक्स जात. तेव्हा ते चालवणाऱ्या सरकारी खात्यातून १९८६ मध्ये विदेश संचार निगम निघालं आणि त्याच निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. म्हणजे नातं आहे, पण चुलत. शिवाय इंटरनेट भारतात १९९५ ला 'आलं' हेही अर्धवटच. आयआयटी, बंगळूरची आयआयएससी, मुंबईची एनसीएसटी अशा संस्थांना जोडणारं अर्नेट १९८६ पासून उभं राहत होतं.

'इंटरनेट उपग्रहावरून येतं' हा समज तर तालुक्यापुरताही नाही. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. हॅलो वर जाऊन खाली उतरायला पाव सेकंद, उत्तर परत यायला आणखी पाव. या उशिरामुळेही खंडाखंडांमधली जवळजवळ सगळी वाहतूक समुद्राच्या तळावरच्या केबलमधून होते आणि आपल्याकडे त्यातल्या बऱ्याच केबल मुंबईला किनाऱ्यावर येतात. जानेवारी २००८ मध्ये इजिप्तजवळ केबल तुटल्या आणि इथलं नेट रखडलं. आकाशातले उपग्रह जागच्या जागी होते.

भीमाशंकरकडच्या वाडीतही हवेचा वाटा बहुतेक वेळा मोबाइल ते टॉवर एवढाच. पुढे एखाद्या डोंगरावरून मायक्रोवेव्हची उडी मारावी लागली तरी शेवटी माती आणि फायबर. रस्ता रुंद करायला जेसीबी आला की नेट का जातं, हे आता सांगायला नको.

आणि त्या वाटेवरून जातं तरी काय? आख्खा व्हिडिओ सलग जात नाही. नारायणगावच्या बाजारातून शंभर क्रेट टोमॅटो वाशीला पाठवायचे आहेत असं धरा. प्रत्येक क्रेटवर पत्ता आणि क्रमांक. काही पिकअप माळशेज उतरून कल्याणमार्गे गेल्या, काही मंचर-चाकणवरून. वाशीत क्रमांक लावून माल जुळवला. सत्तावन्न नंबर आला नाही तर तो पुन्हा मागवला, फक्त तेवढाच. टोमॅटोत हे परवडणार नाही, माहितीत परवडतं. या क्रेटांना पॅकेट म्हणतात आणि पत्ते-पावत्यांचा नियम म्हणजे टीसीपी-आयपी. अमेरिकेच्या अर्पानेट या संगणक-जाळ्याने तो १ जानेवारी १९८३ रोजी स्वीकारला.

अर्पानेट अणुहल्ल्यात टिकावं म्हणून बांधलं, ही कथा रंगतदार आहे, पण खरी नाही. पॉल बॅरन यांचा हल्ल्यात तगून राहणाऱ्या जाळ्याचा अभ्यास वेगळा होता. १९६९ चं अर्पानेट दूरदूरचे महागडे संगणक वाटून वापरता यावेत म्हणून होतं. आणि वेब म्हणजे इंटरनेट नव्हे. वेब हे त्या रस्त्यावरचं एक वाहन, टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सुचवलेलं.

राष्ट्रीय विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीच्या सुमारास, खोडदला जीएमआरटी लोकांसाठी खुली असते. पोरांना घेऊन जरूर जा. फक्त आवारात शिरताना मोबाइल बंद करा, खिशातल्या एका फोनचा गोंगाट त्या दीर्घिकांच्या आवाजापेक्षा कितीतरी मोठा असतो.