स्टुडिओचं केबलिंग: नफा केबलच्या रोलमध्ये नाही, कागदावर आहे



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण स्टुडिओ केबलिंगच्या धंद्याची ओळख करून घेतली. आकडेमोड मात्र राहून गेली. ती आज इथे करूया. वही-पेन घेऊनच बसा.

आधी प्रश्न असा, की हे काम देतं कोण? आपल्या देशात सामुदायिक रेडिओ चालवायची परवानगी शैक्षणिक संस्थांना २००२ मध्ये आणि सामाजिक संस्थांना २००६ मध्ये मिळाली. पुणे विद्यापीठाची 'विद्यावाणी', म्हसवडची 'माणदेशी तरंग' ही त्यातलीच केंद्रं. शिवाय आता गावोगावी पॉडकास्टच्या खोल्या उभ्या राहतायत. म्हणजे काम आहे. ते अंगावर येऊ द्यायचं नसेल, तर पुढचं नीट वाचा.

तोंडी रेट सांगू नका

ग्राहक विचारतो, "साधारण किती होतील?" आपण उत्साहात आकडा सांगून मोकळे होतो. इथेच नुकसानीची सुरुवात होते. आधी जागा बघा, टेपने मापं घ्या आणि केबलची यादी बनवा. यादीत पाच रकाने हवेत: केबलचा नंबर, कुठून, कुठे, लांबी आणि दोन्ही टोकांचे कनेक्टर.

एक हिशोब करून बघू. एक ऑन-एअर खोली, एक रेकॉर्डिंगची खोली आणि मध्ये रॅक. लाइन लागतात २६. उद्या ग्राहक आणखी एक माइक मागणारच, म्हणून ६ लाइन जादा टाका. झाल्या ३२. सरासरी लांबी १२ मीटर धरली, तर ३८४ मीटर. त्यात १५ टक्के वाया जाणारी केबल धरा, की आकडा ४४० च्या पुढे जातो. म्हणजे १०० मीटरचे ५ रोल.

आता मजुरी. ३२ लाइनची टोकं ६४. सोल्डरिंग आणि लेबल मिळून एका टोकाला १० मिनिटं धरली, तरी ६४० मिनिटं, म्हणजे जवळजवळ ११ तास होतात. केबल ओढायचा वेळ वेगळाच! तोंडी रेट सांगताना हे तास तुमच्या डोक्यात होते का?

हमिंग आली, की पेमेंट अडकतं

माइकचा सिग्नल काही मिलिव्होल्टचा असतो आणि शेजारून २३० व्होल्टची लाइन जाते. म्हणून ऑडिओ आणि लाइटची केबल एका पाइपात कधीच घालू नका. समांतर जात असतील तर निदान फूटभर अंतर ठेवा, आणि ओलांडायचंच असेल तर काटकोनात ओलांडा. हे पाइप भिंतीवर ध्वनिरोधक पॅनेल बसायच्या आधी टाकून झाले पाहिजेत. त्यामुळे सुताराची तारीख आधी विचारून घ्या.

केबल बॅलन्स्ड घ्या. तिच्या दोन तारांतून एकच सिग्नल एकमेकांच्या उलट जातो, खरखर मात्र दोन्हींवर सारखीच बसते. पुढचं यंत्र दोन्हींमधला फरक घेतं, आणि खरखर कटते. एक्सएलआर कनेक्टरमध्ये पिन १ शील्डची, २ प्लसची आणि ३ मायनसची. स्टीरिओ जोडीतल्या एका केबलमध्ये २ आणि ३ ची अदलाबदल झाली, तर हेडफोनवर ती चूक सहज लक्षात येत नाही. पण एकाच स्पीकरच्या साध्या रेडिओवर निवेदकाचा आवाज जवळजवळ गायब होतो! म्हणून प्रत्येक केबल टेस्टरवर तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

सगळी ऑडिओ यंत्रं एकाच अर्थिंगवर घ्या, आणि ते काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. हमिंग घालवण्यासाठी प्लगची अर्थ पिन तोडणारे कारागीर तुम्हाला भेटतील. तसं करू नका. तिथे माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे.

काम संपलं, नातं नाही

लेबल केबलच्या दोन्ही टोकांना लावा. जसं काम झालं तसाच नकाशा काढा, एक प्रत ग्राहकाला द्या आणि एक तुमच्या फाइलला लावा. सहा महिन्यांनी एखादा माइक बंद पडला, की फोनवर तुम्ही विचाराल, "१४ नंबरची केबल बघा बरं." त्या क्षणी वार्षिक देखभालीचा करार कुणाला मिळणार, हे वेगळं सांगायला नको.

आजचा गृहपाठ: तुमच्या घरातल्या दोन खोल्या स्टुडिओ समजा. चार माइक, दोन स्पीकर आणि एक मिक्सर धरून यादी बनवा. मापं टेपनेच घ्या, अंदाजाने नको. मग रोल किती आणि तास किती, ते काढा. पहिला ग्राहक येईल, तेव्हा असाच कागद तुमच्या हातात असला पाहिजे.

भेटूया पुढच्या व्हिडिओत!